रास्त भाव कोणाचा?

माझ्या मामांचा भोसरीत कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक शेड, एक शिअरिंग मशीन, दोन प्रेस, एक बेंडिंग मशीन आणि चौदा माणसं. लोखंडी पत्रा कापून, वाकवून, वेल्डिंग करून ते विजेच्या पॅनेलचे डबे आणि ब्रॅकेट बनवतात. २०२५ च्या जानेवारीत एका रात्री त्यांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ पाठवली आणि पाठोपाठ फोन केला.

"अगं, तू दिवसभर इंग्रजीतच काम करतेस ना? हे वाच आणि एवढंच सांग, पत्रा महागणार का?"

पीडीएफ केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाच्या व्यापार उपाय महासंचालनालयाची होती. या खात्याला सगळे डीजीटीआर म्हणतात. इंडियन स्टील असोसिएशनने तक्रार केली होती की सपाट पोलादाची, म्हणजे कॉईल, शीट आणि प्लेटची आयात अचानक वाढली आहे आणि त्यामुळे देशी कारखान्यांचं गंभीर नुकसान होतं आहे. त्यावर डीजीटीआरने डिसेंबर २०२४ मध्ये चौकशी सुरू केली होती आणि संबंधितांनी आपलं म्हणणं मांडावं असं कळवलं होतं.

मी म्हटलं, "बहुतेक महागेल."

"मग आपण संबंधित आहोत का?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला एक आठवडा लागला. एका अर्थाने ते अजून मिळालेलं नाही.

*

आधी थोडी माहिती, कारण बातम्यांमध्ये तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी होते.

पहिली गोष्ट म्हणजे डंपिंग. मला वाटायचं की डंपिंग म्हणजे फार स्वस्तात विकणं. तसं नाही. परदेशी कंपनी स्वतःच्या देशात ज्या भावाने माल विकते, त्याहून कमी भावाने तोच माल आपल्याकडे विकत असेल, तर ते डंपिंग. दुसरी गोष्ट अनुदान. तिथल्या सरकारने कारखान्याला स्वस्त कर्ज, स्वस्त जमीन, स्वस्त खनिज दिलं आणि त्या जोरावर माल स्वस्त झाला, तर आपण तेवढ्याच रकमेचं शुल्क लावून ती मदत पुसून टाकू शकतो. तिसरी गोष्ट सेफगार्ड. यात कुणावर आरोपच नसतो. आयात इतकी वाढली की आपले कारखाने धडपडायला लागले, तर काही काळ शुल्क लावून त्यांना दम घेऊ द्यायचा. मामांच्या पीडीएफमधली चौकशी या तिसऱ्या प्रकारची होती.

ही कल्पना बरीच जुनी आहे. डंपिंगविरोधी पहिला कायदा कॅनडाने १९०४ मध्ये केला आणि त्यांच्या डोळ्यासमोर होतं अमेरिकेतून येणारं स्वस्त पोलाद. आज तक्रारींचं बोट बहुतेक वेळा चीनकडे असतं. त्यालाही कारण आहे. २०२४ मध्ये चीनने सुमारे ११ कोटी टन पोलाद निर्यात केलं. भारताचं त्या वर्षीचं संपूर्ण उत्पादन साधारण १५ कोटी टन होतं. म्हणजे त्यांच्या घरात जे खपलं नाही, तेच आपल्या एकूण उत्पादनाच्या पाऊण पट भरतं. शिवाय तिथल्या घरच्या भावाशी तुलना करावी, तर तो भाव बाजाराने ठरवला की सरकारने, हाच वाद. त्यामुळे चीनच्या बाबतीत अनेक देश 'घरचा भाव' दुसऱ्याच देशाच्या किमतींवरून किंवा खर्चावरून काढत आले आहेत.

मला यात सर्वात लक्षवेधी वाटलं ते हे की डंपिंगच्या कायद्यात हेतूचा प्रश्नच येत नाही. कुणी आपले कारखाने बुडवायला निघालं होतं हे सिद्ध करावं लागत नाही. दोन भावांतली तफावत दाखवायची, देशी उद्योगाचं नुकसान दाखवायचं, आणि ते नुकसान या तफावतीमुळेच झालं हे दाखवायचं. 'अन्याय' हा एवढा मोठा शब्द, पण इथे तो वजाबाकीने ठरतो. व्हिएतनामहून येणाऱ्या हॉट रोल्ड पोलादाबद्दल २०२५ मध्ये असाच निकाल लागला. तिथल्या एका कारखान्याच्या मालावर शून्य शुल्क, बाकीच्यांच्या मालावर टनामागे १२१.५५ डॉलर. देश एक, माल एक, पण एकाची वजाबाकी पास झाली आणि इतरांची नापास.

मी प्रोग्रामर आहे, मला हे आवडायला हवं होतं. भावना नाहीत, नियम आहेत, उत्तर येतं. आधी आवडलंही.

*

मग मला माझा स्वतःचा रेट आठवला.

मी पुण्यात बसून अमेरिकेतल्या एका कंपनीसाठी काम करते. आमची टीम तयार झाली तेव्हा तिथल्या एका माणसाचं काम आमच्याकडे आलं. दोन आठवडे केटी चालली, म्हणजे तो मला रोज संध्याकाळी त्याचा कोड समजावून द्यायचा. वयाने माझ्या वडिलांएवढा असेल. एकदाही त्याने आवाज चढवला नाही. शेवटच्या दिवशी एका जुन्या मोड्यूलबद्दल म्हणाला की इथे कमेंट लिहिलेली नाही, पण या ओळीला हात लावू नकोस. मग गुड लक म्हणून त्याने कॉल बंद केला.

मी डंप केलेला माल आहे का? कायद्याने नाही. एक तर हे कायदे वस्तूंना लागू होतात, सेवांना नाही. दुसरं म्हणजे माझा तास भारतात जेवढ्याला विकला जाईल, त्याहून तो अमेरिकेत महागच विकला जातो. वजाबाकी उलटी येते. मी स्वस्त आहे, पण डंप केलेली नाही.

त्या माणसाला या फरकाने काय दिलासा मिळणार? काहीच नाही. त्याचं नुकसान खरंच झालं. पण त्याच्यावर अन्याय झाला का, हा प्रश्न वेगळा आहे. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की या कायद्यामागे एक चांगला विचार आहे. दुखणं आणि अन्याय या दोन गोष्टी वेगळ्या करायचा तो प्रयत्न करतो. कुणी जास्त कुशल आहे, कुणाचा पगार कमी आहे, म्हणून तुम्हाला दुखलं, तर ते सोसा. पण समोरचा घरच्या गिऱ्हाइकाकडून जास्त घेऊन, किंवा सरकारच्या तिजोरीत हात घालून तुम्हाला मारत असेल, तर तक्रार करा. ही रेघ मला पटते. ती नसती, तर प्रत्येक दुखणं अन्याय ठरलं असतं आणि मला आज काम नसतं.

*

या रेघेच्या पलीकडे कोण उभं आहे हेही पाहायला हवं. माझा कॉलेजचा एक मित्र पोलाद कारखान्यात मेटलर्जिस्ट आहे. मामांची बाजू मी त्याला तावातावाने सांगितली तेव्हा त्याने विचारलं, "तुमचा सर्व्हर बंद करून परत चालू करायला किती वेळ लागतो?"

"दोन मिनिटं."

"आमची झोतभट्टी वर्षानुवर्षं अखंड पेटलेली असते. आत थंड होऊन धातू गोठला की संपलं. स्वस्त माल दोन वर्षं येईल आणि जाईल. तोपर्यंत आम्ही बंद पडलो, तर तुझ्या मामांना पत्रा कोण देणार, आणि कुठल्या भावाने?"

त्याचं म्हणणं उडवून लावता येत नाही. वेल्समधल्या पोर्ट टॅलबॉटची शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाली. त्या गावाची पिढ्यान् पिढ्यांची ओळख त्या भट्टीशी जोडलेली होती. पुढच्याच एप्रिलमध्ये स्कन्थॉर्पच्या भट्ट्या विझू नयेत म्हणून ब्रिटिश संसद चक्क शनिवारी बोलावली गेली आणि एका दिवसात कायदा झाला. मुक्त व्यापाराचे धडे जगाला देणाऱ्या देशावर ही वेळ आली. बाजाराची चूक उशिरा कळली तर ती दुरुस्त करता येतेच असं नाही, एवढं तरी यातून मान्य करावं लागतं.

तर मी संरक्षणाच्या विरोधात नाही. माझी अडचण पुढे सुरू होते.

*

डंपिंगविरोधी शुल्क किती लावायचं हे ठरवताना आपल्याकडे दोन आकडे काढतात. एक, डंपिंगची तफावत. दुसरा, देशी कारखान्याचं नुकसान होणार नाही अशी किंमत आणि आयात मालाची किंमत यांतला फरक. यांपैकी जो कमी, तेवढंच शुल्क. हा संयम चांगला आहे. पण ती 'नुकसान न होणारी किंमत' कशी काढतात हे वाचताना मी थांबले. त्यात उत्पादनखर्च तर धरतातच, शिवाय गुंतवलेल्या भांडवलावर वाजवी परतावा धरतात. हा परतावा, अनेक वर्षांच्या प्रथेनुसार, २२ टक्के.

मी हा आकडा मामांना सांगितला. ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्या भांडवलावर किती पडतात ते काढून देशील का एकदा?"

काढून दिले. कितीला पडतात ते इथे लिहीत नाही. मामांना आवडणार नाही.

२०२० च्या उन्हाळ्यात हॉट रोल्ड कॉईलचा भाव टनाला ३६-३७ हजारांच्या आसपास होता. २०२२ च्या एप्रिलपर्यंत तो ७५ हजारांच्या वर गेला. मामांच्या ऑर्डरी वर्षभराच्या ठरलेल्या रेटच्या होत्या. डब्याचा भाव जुना, पत्र्याचा रोज नवा, आणि पेमेंट नव्वद दिवसांनी. व्यापाऱ्याने उधारी बंद केली. त्या वर्षी मामांनी दोन वेल्डर कमी केले आणि मामींच्या पाटल्या बँकेत गेल्या. त्या नुकसानीला कोणत्या कलमाखाली दाद मागायची? स्पर्धा आयोगाकडे जाता येतं, पण तिथे कुणीतरी संगनमत केलं किंवा बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर केला हे दिसायला हवं. भाव नुसता दुप्पट झाला हे पुरत नाही. स्वस्ताई अन्यायाची ठरायला वजाबाकी पुरते. महागाई अन्यायाची ठरायला पाप दाखवावं लागतं.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. २०२२ च्या अर्थसंकल्पात काही पोलादी मालावरची डंपिंगविरोधी आणि अनुदानविरोधी शुल्कं व्यापक जनहिताचं कारण देऊन रद्द झाली. त्याच वर्षी मे महिन्यात बऱ्याच पोलादावर १५ टक्के निर्यात शुल्क लागलं, म्हणजे माल देशात राहावा आणि भाव उतरावा. नोव्हेंबरमध्ये ते निघालं. पण हे दोन्ही निर्णय कसे झाले ते पाहा. चौकशी नाही, प्रश्नावली नाही, सुनावणी नाही. सरकारला वाटलं, केलं. वाटलं, काढलं. पोलाद कारखान्यांनाही त्या रात्री कुणी विचारलं नव्हतं.

स्वस्ताईविरुद्ध दाद मागणं हा बनवणाऱ्याचा हक्क आहे. त्याला कायदा आहे, मुदत आहे, अपील आहे. महागाईतून सुटका मात्र वापरणाऱ्याला मिळाली तर मेहेरबानी म्हणून मिळते. मला खुपतं ते हे. शुल्क लागावं की लागू नये याच्या आधीचा हा प्रश्न आहे.

*

मराठीत 'रास्त भाव' हा शब्द दोन ठिकाणी हमखास भेटतो. एक, रेशनच्या दुकानाच्या पाटीवर. तिथे रास्त भाव म्हणजे गिऱ्हाइकाला परवडेल असा भाव. दुसरा, शेतकरी आंदोलनात. तिथे रास्त भाव म्हणजे पिकवणाऱ्याचा खर्च भरून चार पैसे उरतील असा भाव. शब्द तोच, पण एका ठिकाणी तो किमतीला वरून दाबतो आणि दुसऱ्या ठिकाणी खालून उचलतो.

भोसरीहून नाशिक रस्त्याने निघालं की चाकण लागतं. मामांचे ब्रॅकेट टेम्पोने तिकडेच जातात. याच पट्ट्यात, जवळच्या आंबेठाणला शेती करणाऱ्या शरद जोशींनी १९८० च्या आसपास कांद्याच्या भावासाठी रस्त्यावर शेतकरी उतरवले. सरकार शेतमालाचा भाव मुद्दाम पाडतं, शेतकऱ्याला मिळते ती उणे सबसिडी, असं ते सांगत. त्यांना संरक्षण नको होतं, बाजार मोकळा हवा होता. आज त्या कांद्याच्या जागी प्रेस शॉप उभे आहेत, पण कांद्याचं गणित बदललेलं नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं आणि डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी आली. कांदा महागला की गिऱ्हाइकाच्या रास्त भावाची आठवण होते. पोलाद स्वस्त झालं की कारखानदाराच्या रास्त भावाची. यात कट आहे असं मला म्हणायचं नाही. ज्याच्याकडे वकील, अकाउंटंट आणि संघटना आहे त्याचं नुकसान तक्त्यात बसतं, आणि ज्याच्याकडे नाही त्याचं बसत नाही, इतकंच.

तक्त्यात न बसण्याला या क्षेत्रात एक नावही आहे. झिरोइंग. समजा, घरचा भाव १०० आहे आणि निर्यातीचे तीन सौदे ९०, १०० आणि ११० ला झाले. सरासरी १००, म्हणजे डंपिंग नाही. पण जिथे महाग विकलं तो सौदा उणे दहा न धरता शून्य धरला, तर बेरीज दहा येते आणि तुम्ही गुन्हेगार ठरता. कोडमध्ये ही एकच ओळ आहे, शून्यापेक्षा लहान असेल तर शून्य कर. युरोपने भारतीय सुती चादरींच्या प्रकरणात हेच केलं होतं. भारत जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि २००१ मध्ये ते चूक ठरवून घेतलं. तेव्हा आपला युक्तिवाद अगदी साधा होता. तुलना रास्त करायची असेल, तर आमच्या विरुद्ध जाणारे आकडे मोजता तसे आमच्या बाजूचेही मोजा.

मला वाटतं, तोच युक्तिवाद आता आपण घरात लावायला हवा. पोलादाच्या चौकशीत कारखान्याचं नुकसान पै-पैने मोजलं जातं. मामांचं नुकसान शून्य धरलं जातं. युरोपच्या नियमांमध्ये शुल्क लावण्याआधी वापरणाऱ्यांसह सगळ्या संघाचं हित तपासायची वेगळी पायरी आहे. ती किती प्रामाणिकपणे चढली जाते यावर वाद असतील, पण पायरी आहे. आपल्याकडे सेफगार्डच्या चौकशीत जनहिताबद्दल म्हणणं ऐकून घेतात, डंपिंगच्या चौकशीतही वापरणाऱ्यांना प्रश्नावली जाते, आणि शेवटचा निर्णय अर्थ मंत्रालयाचा असतो. पण मामांचं नुकसान वजाबाकीत येत नाही. ते टिप्पणीत येतं.

*

इथपर्यंत आले तेव्हा मला मामा साधे बळी वाटायला लागले होते. त्यांनीच तो गैरसमज दूर केला.

त्यांच्या संघटनेने सभासदांकडून माहिती मागवली होती, ती सगळी एकत्र करून पाठवणार होते. एका रविवारी आम्ही बसलो. वर्षाला किती टन पत्रा लागतो, कोणत्या जाडीचा, देशी किती, आयात केलेला किती, शुल्क लागलं तर किती माणसं कमी होतील. मामांकडे बिलांची फाईल होती, पण व्यापाऱ्याने दिलेला पत्रा कोरियाचा की कर्नाटकातला हे त्यांना कधी कळलंच नव्हतं. शेवटी 'आणखी काही सांगायचं आहे का' असा रकाना होता. मामा म्हणाले, "लिही. पत्र्यावर शुल्क लावू नका. पण चीनहून तयार डबे येतात ना, त्यांच्यावर लावा. चांगलं तीस टक्के."

मी हसले. ते हसले नाहीत.

"त्या डब्यांमधून पॅनेल बनवणाऱ्याचं काय, मामा?"

"त्याचं तो बघेल."

मग त्यांनाच आपण काय बोललो ते लक्षात आलं असावं. चहा घेता घेता म्हणाले, "तसं नको लिहू. पण मग काय लिहायचं?"

मलाही तोच प्रश्न होता. आपण विकतो ते महाग आणि घेतो ते स्वस्त असावं, याला प्रत्येक जण न्याय म्हणतो. मीही म्हणते, फक्त माझा माल दिसत नाही. म्हणून रास्त भाव कोणता हे एका बाजूने कधीच सांगता येणार नाही असं मला वाटतं. एवढंच म्हणता येईल की ज्याला संरक्षण हवं, त्याने त्याची किंमत कोण मोजतो हे त्याच कागदावर लिहावं, आणि मोजणाऱ्यालाही मागणाऱ्याइतकाच हक्क असावा. खालच्या भावापासून वाचवणारा कायदा असेल, तर त्या संरक्षणाच्या काळात भाव एका मर्यादेपलीकडे गेला की शुल्क आपोआप उतरावं. मेहेरबानी म्हणून नको, नियम म्हणून.

आम्ही त्या रकान्यात साधारण तेच लिहिलं. तीन ओळी.

२१ एप्रिल २०२५ रोजी २०० दिवसांसाठी १२ टक्के तात्पुरतं शुल्क लागलं. सूचनेत एक बारीक तरतूद होती. हॉट रोल्ड कॉईल टनाला ६७५ डॉलर किंवा त्याहून महाग आयात झाली, तर तिच्यावर शुल्क नाही. म्हणजे भाव चढला की शुल्क उतरण्याची सोय कायद्याच्या भाषेत बसू शकते. इथे ती आयातीच्या भावापुरती होती, देशी भावाला काही नव्हतं. पण लिहिता येते, हे तर दिसलं. ऑगस्टमध्ये अंतिम शिफारस आली. तीन वर्षं, १२, मग ११.५, मग ११ टक्के.

मी मामांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "आपलं लिहिलेलं कुणी वाचलं असेल का गं?"

मी म्हटलं, संघटनेच्या कागदात गेलं असेल.

"बरं," ते म्हणाले. "पुढच्या वेळी पत्रा कुठला आहे ते बिलावर लिहून घेतो. मग नीट सांगता येईल."